बोळातला मधला कॉक

कमलबाईंसारखी सरळ बाई आमच्या ताडकळसात दुसरी नाही, आणि त्यांच्याइतकी जळकुकडीही नाही. मी त्यांच्या समोरच राहते, तेव्हा दोन्ही गोष्टी खात्रीनं सांगते.

समोर घरं दोन. जुनं थोरल्या बन्सीधरचं, म्हणजे कमलबाईंचं. नवं धाकट्या दिराचं, गोपाळचं, आणि त्याच्या बायकोचं, बबिताचं. मध्ये एक माणूस कसाबसा जाईल एवढा बोळ. बोर दोघांत एकच, आणि तिचं पाणी असं जड की साबणाला फेस येत नाही. कमलबाईंच्या नळांना पांढरे पोपडे धरलेले, शॉवरची भोकं बुजलेली. न्हाणीतला पाइप एकदा कापला तर आत करंगळी जाईना, सगळा खार साचलेला. पण कमलबाईंची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. पाणी म्हटलं की ते असंच असतं, असं त्या धरून चालल्या होत्या.

बबितानं घर बांधलं तेव्हा प्लंबर म्हणाला, भिंतीतले पाइप नवे आहेत तोवर मशीन बसवा, नाहीतर थोड्याच वर्षांत फरशा फोडाव्या लागतील. तिनं पाणी मऊ करायचं मशीन बसवलं, बोळात, पत्र्याच्या आडोशाला. मधूनमधून त्यात जाड मीठ टाकायचं, बस्स. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. कमलबाई आल्या नाहीत.

"मिठानं म्हनं पानी मऊ हुतंय," त्या मला म्हणाल्या. "मंग समुद्रात लोकं कापडं का धूत न्हाईत?"

हे हसण्यावारी गेलं असतं. पण सासू बबिताकडं गेली.

सासू म्हणजे मनकर्णाबाई. लग्न होऊन आल्यापासून कमलबाईंनीच त्यांचं सगळं केलेलं. म्हातारीचे केस अजून कमरेपर्यंत, पांढरेशुभ्र, आणि ते विंचरायचा मान कमलबाईंचा. दर रविवारी ओसरीवर तेलाची वाटी, फणी आणि या दोघी. म्हातारीच्या अंगाला खाज सुटली तेव्हा परभणीचा डॉक्टर म्हणाला, जड पाण्यानं अंघोळ नको. झालं, म्हातारी अंघोळीला बबिताकडं जाऊ लागली. अंघोळीनंतर चहा तिथंच. मग जेवण तिथंच. मग एक दिवस गोपाळनं खाटच उचलून नेली.

कमलबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बबिताच्या न्हाणीतून बादलीचा आवाज आला की यांच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची. मुलं नसलेल्या घरात सासूच काय ती बोलायला होती. तीही गेली, तर आता करायचं कुणाचं, हे त्यांनी मला रडत विचारलं.

मग त्यांनी आपलं डोकं चालवलं. बबिता मशीनमध्ये मीठ टाकते ना? यांनी जाड मिठाची अख्खी पिशवी गच्चीवरच्या आपल्या टाकीत रिकामी केली! सकाळी बन्सीधर तोंड धुवायला गेले ते थू थू करत बाहेर. म्हशीनं बादलीला तोंड लावलं नाही, दारातली जास्वंद माना टाकून बसली. मीठ मशीनमधल्या, पाण्यातला खार धरणाऱ्या मसाल्याला धुवायला लागतं, नळाच्या पाण्यात ते उतरत नाही, हे प्लंबरनं बबिताला सांगितलं होतं. पण ते ऐकायला कमलबाई गेल्याच कुठं होत्या! गल्ली आठवडाभर हसली. बबिताही हसली, आणि ते हसू कमलबाईंनी बोळाच्या खिडकीतून पाहिलं.

त्या खिडकीतूनच त्यांनी आधी एकदा प्लंबरचं एक बोलणं मात्र ऐकलं होतं. मशीनला तीन कॉक. दुरुस्तीला मशीन बंद ठेवायचं असेल तर कडेचे दोन बंद करून मधला उघडायचा, म्हणजे पाणी मशीनला वळसा घालून थेट घरात जातं. बबिता शेतात गेलेली पाहून कमलबाई बोळात शिरल्या. कडेचे दोन बंद. मधला उघडा.

आठ-दहा दिवसांत म्हातारीचे केस राठ झाले. अंग पुन्हा खाजायला लागलं. "बबे, तुझं मशीन बसलं का झोपलं?" म्हातारी कुरकुरायची. शेवटी म्हणाली, "पानी हितंबी तसंच, तिथंबी तसंच. मंग मी माझ्या घरीच बरी." आणि खाट परत आली.

कमलबाई त्या दिवशी किती खूश होत्या! पुरण घातलं, मला वाटीभर आणून दिलं, वर म्हणाल्या, "मशीन फिशीन काय न्हाई, मानूस लागतंय."

पण रविवारी केस विंचरायला बसल्या तर फणी जाईना. गुंतलेले केस ओढले की म्हातारी डोळे मिटायची. बांगडी सरकली तेव्हा मनगटावर खाजवून खाजवून रक्त आलेलं दिसलं. "कमल, तू हळू करायलीस की," म्हातारी म्हणाली, "मला कायबी न्हाई हुत." कमलबाईंनी फणी खाली ठेवली.

त्या उठल्या आणि तडक बोळात गेल्या. मधल्या कॉकवर हात ठेवला आणि मागून आवाज आला, "अक्का."

बबिता उभी होती. हातात मिठाचं टमरेल.

कमलबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मीच फिरवला गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"ठाव हाय. दुसऱ्याच दिवशी बघितलं मी."

"मंग सरळ का न्हाई केलास? तुझे पाइप नासायलेत की!"

बबिता भडकली. "नासू द्या! न्हानी माझी, पानी माझं, आन् नाव कुनाचं? कमल डोक्याला तेल अशी लावती, कमल वरन असं करती, कमलच्या हातची भाकर. सकाळपासनं संध्याकाळपस्तोर कमल, कमल! म्हनलं, नळ जाम झाले तरी चालंल, पन ही म्हातारी एकदाची तुमच्या घरी जाऊ द्या."

इतके दिवस कमलबाई जिच्यावर जळत होत्या, ती भिंतीपलीकडं यांच्यावर जळत बसली होती. मला सांगताना म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं."

दोघींनी मिळून कॉक सरळ केले. बबितानं मशीन धुऊन घेतलं, मीठ भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई बादली घेऊन तिच्या दारात गेल्या. कधी कोणाकडं चिमूटभर साखर न मागितलेली बाई! "बादलीभर पानी दे गं," एवढंच म्हणाल्या. त्यापुढं रोज म्हातारी उठायच्या आत बादल्या बोळातून जुन्या घरी येऊ लागल्या. एक कमलबाईंच्या हातात, एक बबिताच्या.

पुढच्या रविवारी ओसरीवर फणी सरसर चालली. म्हातारी सुखावली. "कमल, तुझ्या घरचं पानी मऊ कसं झालं गं? तुझ्या हातालाच गुन हाय."

बबिता रिकामी बादली न्यायला बोळाच्या तोंडाशी आली होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी माझ्या दारातून पाहिलं. कमलबाईंनीही पाहिलं. त्यांची फणी थांबली. गप्प बसल्या असत्या तरी कोणाला कळणार नव्हतं.

"पानी बबिताचं हाय, आत्याबाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, बोळापर्यंत ऐकू जाईल असं. मग वेणीचा पेड घट्ट ओढून हळूच पुढं म्हणाल्या, "हात तेवढे माझे हायेत."

बोळातून बादली आपटल्याचा आवाज आला.