परीक्षेच्या पेटीतली काचपट्टी

माझी धाकटी बहीण कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात अंडी तपासते. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं, आत जीव धरलाय का बघायचं, नसेल तर बाजूला काढायचं. दिवसाला हजारो. बोलायला तिखट, हसायला मोकळी. सोबतच्या बायका तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवतात, ती हसण्यावारी नेते. मला ते ऐकवत नाही.

कारण ती खरंच डॉक्टर झाली असती, गुराढोरांची. ती शिकत होती त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काचपट्ट्या बनवते. कोंबडीच्या अंडनलिकेचा तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, रंगवायचा, काचेवर चिठ्ठी डकवायची. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत धाकटीने सूक्ष्मदर्शकातून बघून ‘मॅग्नम’ सांगितलं, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक बनतो तो भाग. चिठ्ठीवर होतं ‘इस्थमस’, म्हणजे त्याच्या पुढचा अरुंद भाग. दोन मार्कांनी नापास झाली. पुन्हा बसते म्हणाली, तर मीच आडवी आले. "तुझ्यापायी माझं नाक कापलं गेलं. मला रोज तिथे तोंड दाखवायचं असतं!" वडिलांनी माझीच री ओढली. विषय संपला.

गेल्या महिन्यात मला परीक्षेच्या पेटीतल्या जुन्या काचपट्ट्यांचे फोटो काढायला सांगितलं. ती इस्थमसची पट्टी मोठ्या पडद्यावर आली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. उंच, जाडजूड घड्या, त्यांत ग्रंथी ठासून भरलेल्या. सरळसरळ मॅग्नम. एकोणीस वर्षं एकाही शहाण्याने काच नीट बघितली नाही, सगळ्यांनी चिठ्ठी वाचली. पण त्यांना कोणत्या तोंडाने नावं ठेवू? दोन्ही भागांचे काप मी एकाच दिवशी केले होते आणि न तपासता चिठ्ठ्या डकवल्या होत्या. स्वतःची इतकी लाज वाटली की कुणाच्या नजरेला नजर देववेना.

विभागप्रमुखांना लेखी कळवलं आणि तशीच धाकटीकडे गेले. दिव्यापाशी उभी राहून सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"मॅग्नमच होता तो. मी भांडणार होते. पण परीक्षेपुरता चिठ्ठी झाकायला लावलेला कागद सरांनी काढून दाखवला, तर अक्षर तुझं. तुला कामाला लागून तीनच महिने झाले होते. नोकरी कच्ची होती तुझी."

निकालाच्या संध्याकाळी मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली होती, "चिडू नकोस ना ताई, माझंच चुकलं." आणि मी तिला माफ केलं होतं.