केसरअक्काचे थेंब

केसरअक्का तान्ह्या बाळांशी अदबीने बोलायची. मोठ्या माणसांना, अगदी आमच्या हेडमास्तरांनासुद्धा, ती सरळ अरेतुरे करायची. पण पंधरा दिवसांचं पोर पायांवर घेतलं की तिचा सूर बदलायचा. "आबासाहेब, पाय सोडा. पानी कोमट शे, भेवानं काम नही." मुलगी असली तर 'अक्कासाहेब'. आणि खरंच, तोवर आकांत करणारं पोर चकित होऊन तिच्या तोंडाकडे बघत राहायचं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, पारोळ्यात. माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. आई नुकतीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला जायला माहेर असं उरलंच नव्हतं. हे पारोळ्याच्या हायस्कुलात शिक्षक. सव्वा महिन्याची मुलगी, घरात कुणी वडीलधारं नाही, आणि मला तिची मानसुद्धा धड धरता येत नव्हती. शेजारच्या रुखसानाने अक्काला धाडून दिलं. उंच, काटक, कपाळावर गोंदलेलं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. दारातच तिने मला न्याहाळलं आणि म्हणाली, "मास्तरीनबाई, आधी तू जेव. तू भुकी, तं पोर भुकं."

मी जेवले. ती समोर बसून राहिली, ताट रिकामं होईपर्यंत.

पुढचे दोन महिने सकाळी आठच्या ठोक्याला अक्का यायची. न्हाणीच्या पाटावर बसून पाय लांब करायची, त्यावर पोरीला पालथं घालायची आणि तेलाचा हात फिरवायची. हात खरखरीत, पण कुठे किती जोर द्यायचा ते त्या हातांना पाठ होतं. गावातल्या पोरांच्या दोन पिढ्या तिच्या पायांवरून उतरलेल्या. "बठ्ठा गाव मन्हा पायवर न्हायेल शे," असं ती म्हणायची. भर बाजारात एखाद्या मिशाळ माणसाला थांबवून, "तू लहानपनी लई रडका व्हता," असंही ऐकवायची. तो बिचारा हसून पाया पडायचा.

आंघोळ झाली की टाळूवर तेल, कानात तेल आणि शेवटी दोन्ही नाकपुड्यांत तेलाचा एकेक थेंब. मग शेगडीवर ओवा आणि वेखंड टाकून धुरी. पोरगी खोकायची, तेव्हा अक्का समाधानाने म्हणायची, "निंघू दे. सर्दी निंघी राहिनी." मीही निश्चिंत व्हायचे. आमच्या घरी आईही धाकट्या भावाला असंच करायची. शंका घ्यावी असं त्यात काही वाटलंच नाही.

त्या वर्षी थंडी जबर पडली. गल्लीत घरटी एक पोर शेंबडं झालं. रुखसानाचा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा. अक्का त्यालाही न्हाऊ घालायची. नाक चोंदलं म्हणून तिने तेलाचे थेंब वाढवले, दिवसातून दोनदा, तीनदा. चौथ्या दिवशी दुपारी रुखसाना धावत माझ्याकडे आली. "भाभी, देखो ना, ये दूध ही नहीं ले रहा." मी जाऊन पाहिलं. पोर रडतही नव्हतं. श्वास भराभर चाललेला, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ह्यांनी जीप बोलावली आणि त्याला धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं.

तीन आठवडे ते पोर तिथे होतं. वाचलं. पण मधल्या काळात जे झालं, त्यासाठी मला अक्काबद्दल लिहावंसं वाटतं.

आमच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी मुलीला लस टोचायला गेले होते, त्याच दिवशी त्यांनी अक्काला बोलावून घेतलं होतं. धुळ्याहून त्यांना निरोप आला होता. त्या रागावल्या नाहीत. अक्काला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि कागदावर फुप्फुसाचं चित्र काढलं. "अक्का, नाकात टाकलेलं तेल घशातून थेट छातीत उतरतं. इतक्या लहान जिवाला ते खोकून बाहेर टाकता येत नाही. आत राहून सूज धरतं. आणि धुरीने आधीच चोंदलेला श्वास आणखी कोंडतो."

अक्का ताडकन उठली. "मन्ही मायनी हाईच करं. तिनी मायनी हाईच करं. बठ्ठा पोरं मरनात का मंग?" आणि पदर खोचून चालू लागली. बाहेरच्या ओट्यापर्यंत गेली. तिथे खाली बसली. मुलीला टोचून मी बाहेर आले तरी ती तशीच, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसलेली. मी काही बोलणार, तेवढ्यात ती उठली आणि पुन्हा आत गेली. मीही मागोमाग गेले.

"बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "परत सांग. हळूहळू सांग. माले लिहिता येत नही."

मग तासभर ती शिकत बसली. सर्दीने नाक चोंदलं तर दवाखान्यातून मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब, पाजण्याच्या आधी, एकेका नाकपुडीत. वर आलेला शेंबूड मऊ फडक्याने टिपायचा. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण सारखं पाजायचं. अंग उबदार ठेवायचं, पण गुंडाळून घुसमटवायचं नाही. चुलीच्या धुरापासून लांब. वर्षाच्या आतल्या पोराला मध चाटवायचा नाही. मोठ्यांच्या खोकल्याच्या बाटलीतलं औषध तर मुळीच नाही. आणि पोर दूध ओढेना, श्वास फार भरभर चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळे पडले, अंग तापलं किंवा गार पडलं, नुसतं निपचित झालं, तर घरात क्षणभर थांबायचं नाही. अक्का एकेक गोष्ट बोटाच्या पेरावर धरून म्हणून दाखवत होती. चुकली की पहिल्या पेरापासून सुरुवात.

तिथे गोष्ट संपली असती तरी मी तिला शहाणी म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालून झाल्यावर अक्का मला म्हणाली, "चाल मन्हासंगे. एकलीनं तोंड उघडाव नही."

आम्ही घरोघर फिरलो. मुलगी माझ्या कडेवर. तिने ज्यांना ज्यांना तेल टाकायला सांगितलं होतं, त्यांच्या प्रत्येकाच्या दारात उभी राहून ती म्हणायची, "मी चुकनू, माय. मीच तुले सांगं व्हतं. आते मीच सांगस, नाकमा तेल टाकानं नही, धुरी देवानी नही." कुणी हसलं. कुणी म्हटलं, "अक्का म्हातारी झाली." एका घरातली सासू भडकली. "आमच्या नातवाच्या नाकात महिनाभर तेल टाकलंस आणि आता सांगतेस होय? उद्यापासून येऊ नको." अक्का म्हणाली, "नही येत. पन दवाखानामाईन मिठना पानीना थेंब आनी घे." त्या हिवाळ्यात तिची निम्मी घरं सुटली. तिने त्याची कधी कुरकुर केली नाही.

रुखसाना पोर घेऊन परतली, तेव्हा अक्का तिच्या दारात उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत जाईना. रुखसाना पोराला थोपटत राहिली. मग उठून तिने चटई टाकली आणि म्हणाली, "बैठो." एवढंच.

सगळ्यात शेवटी अक्का मला गावाबाहेरच्या मळ्यात घेऊन गेली. तिथे काशीबाई राहायची. वीसेक वर्षांपूर्वी तिचं तीन महिन्यांचं पोर खोकून खोकून गेलं होतं. देवाने नेलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. कुणी अक्काकडे बोट दाखवलं नव्हतं. मी वाटेत म्हटलं, "अक्का, कशाला? ते कशाने गेलं कुणाला ठाऊक?"

"मालेबी ठाव नही," ती म्हणाली. "पन मी रोज तेल टाकं व्हतं."

काशीबाई शेंगा निवडत बसली होती. अक्काने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काशीबाईचे हात थांबले नाहीत. सूप अर्धं झालं, तेव्हा तिने मान वर केली आणि घरात हाक मारली. आतून तिची सून सुनंदा बाहेर आली. आठवा महिना असावा.

"माले काय सांगस?" काशीबाई म्हणाली. "हिले सांग."

अक्का खाली बसली आणि सुनंदाला तिने पहिल्या पेरापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मग तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. काशीबाई शेंगा निवडतच होती. पण आम्ही निघालो तेव्हा तिने अक्काच्या ओच्यात त्यातल्या ओंजळभर घातल्या.

पुढच्या जूनमध्ये ह्यांची बदली जळगावला झाली आणि पारोळा सुटला.

चार-पाच वर्षांनी, पावसाळ्यात, मी जळगावहून देवपुरात भावाकडे निघाले होते. बस पारोळ्याच्या स्टँडवर थांबली, आणि गर्दीतून एक बाई पोराला छातीशी धरून वर चढली. सुनंदा. हे तिचं दुसरं. मी तिला माझी जागा दिली. तिने मला ओळखलं. मी पहिलं विचारलं ते, "अक्का कशी आहे?"

"अक्का तर गई ना माय. काल रातले." ती माझ्याकडे बघतही नव्हती, नजर पोराच्या छातीवर. "सकायपासून हाऊ पेत नही. देखा, कसं आत वढी राहिना. सासू बोलनी, आते थांबू नको."

धुळ्यापर्यंतचा तास आम्ही दोघी त्या पोराचे श्वास मोजत राहिलो. स्टँडवर रिक्षा केली, दवाखान्यात पोर आत गेलं. अर्ध्या-पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "ठेवून घ्यावं लागेल. पण वेळेवर आणलंत, बरं होईल."

सुनंदाने मान हलवली. चार पावलं चालून ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडू लागली. "अक्का वं," म्हणत रडू लागली. इतका वेळ तिला अक्कासाठी रडायला सवड मिळाली नव्हती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. मलाही मिळाली नव्हती.