पंधरा अक्षरांपलीकडची नावं

दिवाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजाराची यादी लिहीत होते. वणीहून त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी बोलत होत्या. "ताई, हे सकाळी उठलेच नाहीत..." एवढंच. मी "निघते" म्हटलं आणि त्याच यादीखाली कोणाकोणाला कळवायचं ती नावं लिहू लागले. रडू नंतर आलं, बसमध्ये. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

आमची ओळख सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या कापूस खरेदी केंद्रावरची. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव हलत नव्हता, आणि केंद्र उघडायच्या आधीच बैलगाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची. रांगेतल्या नंबरांच्या टोकनची खिडकी माझ्याकडे होती. टोकन देणारा प्रोग्राम दिवाकरभाऊंनी लिहिलेला. वणीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि आमच्यासारख्या सात केंद्रांवर त्यांचाच प्रोग्राम चालायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीत डोकावून विचारलं होतं, "ताई, मशीन आहे तरी तुमी नावं वहीत काहून लिहून राह्यल्या?" मी म्हटलं, "मशीन तुमची आहे, वही माझी आहे." ते इतके हसले की मागच्या गाडीचा बैल बुजला.

एका हंगामात त्यांनी नवा कॉम्प्युटर बसवला आणि प्रोग्राम नव्याने बांधला. पाच-सहा नावं टाकून पाहिली. राम पवार, गणू मून, अशी. टोकनं झकास निघाली. दुसऱ्या दिवशी खरी माणसं आली, नाव-बापाचं नाव-आडनाव घेऊन, आणि टोकनांवर नावांऐवजी चिन्हांचा चिवडा छापून येऊ लागला. काहींचं टोकन निघालंच नाही. झरी जामणीकडच्या शेवंताबाई तुळशीराम आत्राम दोन दिवसांपासून बैल बांधून बसलेल्या. त्यांचा नंबर आला, आणि मशीनमध्ये त्यांचा पत्ताच नाही! मागचे लोक आपापल्या गाड्या पुढे काढू लागले. शेवंताबाई खिडकीशी आल्या. "काहो बाई, नाव लांब म्हून मले मागं टाकता का?"

दिवाकरभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, मशीन नाही बिघडली. मी बिघडवली," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ताई, काढा तुमची वही." दिवसभर मी वहीतून नंबर पुकारले. शेवंताबाईंची गाडी तिच्याच जागी आत गेली.

काय झालं होतं, हे त्यांनी मला दुपारच्या चहावर सांगितलं. प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबर रोजच्या कामाचे तयार तुकडे मिळतात, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. नव्या आवृत्तीत तिने नाव साठवायची पद्धत बदलली होती. पंधरा अक्षरांपर्यंतचं नाव जागच्या जागी, त्याहून लांब असेल तर बाहेर वेगळ्या जागेत. भाऊंचा भाग नव्या पद्धतीने बांधलेला. टोकन छापणारा भाग मात्र दुसऱ्या कोणाचा, जुन्या पद्धतीने कधीचाच बांधून आलेला. त्याचं मूळ लिखाण कोणापाशीच नव्हतं. तो नावाची लांबी जुन्याच जागी शोधायचा आणि तिथे जे सापडेल ते खरं मानायचा. छोटं नाव जागच्या जागीच असल्याने कसंबसं निभावून जायचं, लांब नावाचा चिवडा व्हायचा.

मला तरी नीट उमजेना. तेव्हा ते म्हणाले, "पेरणी केली चौदा इंचावर, अन् डवरा आणला जुनाच, अठराच्या ओळीचा. तास चांगले, डवराबी चांगला. पण फिरवला तर पऱ्हाटीच उपटून निघन का नाही?" शेतकऱ्याच्या घरची मी. तण काढायचा डवरा ओळीपेक्षा रुंद पडला की कपाशीची झाडंच निघतात, हे लगेच कळलं.

जिनिंगचे मालक म्हणाले, "मग सगळ्यांची नावं पंधरा अक्षरांत कापा ना, मोकळे व्हा."

"कापतो ना मालक. तुमच्यापासून सुरू करू?" भाऊ म्हणाले. मालकांचं नाव आडनावासकट चांगलं तेवीस अक्षरांचं होतं. विषय तिथेच संपला.

त्यांनी जुन्या सीडीवरून जुनी लायब्ररी परत आणली आणि छापणारा भाग तिच्यासह वेगळा चालवला. दोन्ही भागांच्या मध्ये टोकनच्या खिडकीसारखी एक खिडकी ठेवली. तिच्यातून नुसती साधी अक्षरं जायची, एकाच्या पोटातली रचना दुसऱ्याला दिसायची नाही. तपासायला त्यांनी माझी वही मागून नेली आणि सगळ्यांत लांब नावं आधी टाकून पाहिली. पुढे प्रत्येक बदलाआधी वही मागायला यायचेच. "शेवंतामावशीची परीक्षा घ्याची आहे," म्हणायचे. आणि एखाद्या केंद्राचा जुना कॉम्प्युटर नवं पेलणारा नसेल, तर त्याला जुन्यावरच राहू द्यायचे. नवं घ्या म्हणून ते कोणाच्या मागे लागलेले मी पाहिले नाहीत. स्वतःच्या तब्येतीबाबतही तसेच. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "जुनं मॉडेल आहे ताई, चालून राह्यलं ना..." यावर मी त्यांना खूप बोललेय. आणखी बोलायला हवं होतं.

परवा वहिनींकडे गेले होते. त्यांना मागची खोली रिकामी करायची होती. "भंगारवाला उद्या येते. हे पिवळं पडलेलं मशीन देऊ का त्याले?" त्यांनी विचारलं. मशीनच्या पाठीवर भाऊंच्या अक्षरात सात केंद्रांची नावं चिकटवलेली. नव्यावर गेलेल्या सहांवर काट मारलेली, ढाणकी तेवढं उरलेलं. मी तिथूनच ढाणकीला फोन लावला. तिथले ऑपरेटर म्हणाले, "आमचं जुनंच आहे ताई. भाऊ म्हणे, तुमच्यासाठीचं सामान मी मोडलं नाही, सवडीनं बदला. मी आहो ना."

मी फोन ठेवला. मग वहिनींना सांगितलं, बाकी सगळं द्या, हे ठेवा, ढाणकीचं जुनं सामान यातच आहे. मला प्रोग्राम लिहिता येत नाही. पण कोणाला बोलवायचं, त्याच्या हातात काय द्यायचं आणि काम होईपर्यंत त्याला कसं उठू द्यायचं नाही, हे मला येतं. पेन काढला आणि मशीनवरच्या यादीत ढाणकीसमोर माझा फोन नंबर लिहिला.