चकतीवरचा घोडा

आमचे हे काचेवर मागच्या बाजूने रंगवायचे. निजामपुऱ्यातल्या निम्म्या दुकानांच्या काचा ह्यांच्या हातच्या. हे काम म्हणजे सगळंच उफराटं. मूर्तीचे डोळे शेवटी आखतात. इथे डोळा आधी, मग अंग, आणि जमिनीचा, म्हणजे मागचा सपाट रंग सगळ्यात शेवटी. पुढून बघितलं की चित्र सुलटं.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. ह्यांची नजर जात चालली होती. मला काय कळत नव्हतं? कप चाचपून उचलायचे. पण बोलायची सोय नाही! "तूच चष्मा लाव," म्हणायचे.

त्यातच कामतघरचा, कापडाचे लूम चालवणारा एक शेठ आला. त्याने शर्यतीची एक जुनी, बुटकी परदेशी गाडी भंगारातून उचलली होती. कार्ट म्हणायचा तिला. ती पहिल्यासारखी करायचा त्याला नाद लागला होता. स्टिअरिंगच्या मधली चकती फुटलेली, तिच्यावर लाल जमिनीवर काळा घोडा. तुकडे आणि आरपार दिसणारी कोरी प्लास्टिकची चकती त्याने पुढ्यात ठेवली. दुसऱ्याकडे जा बाबा, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. हे म्हणाले, "ठेवा."

शेठ गेल्यावर मी भडकले. तर म्हणतात कसे, "हे जमलं तर दुकान चालू. न्हाय जमलं तर सगळे ब्रश तुझ्या चुलीत घाल. मग मी काय, कोपऱ्यात बसून राहीन."

चकतीला नाक टेकवून बसले. आधी डोळ्याचा पांढरा ठिपका, मग काळ्यात अख्खा घोडा. सुकल्यावर मी पुढून बघितलं, आणि काय सांगू! आयाळ उडतेय, पाय उचललेले. मला रडूच आलं. वाटलं, देव आहे गं बाई.

"आता नुसती लाल जमीन," हे म्हणाले. "ती काय, डोळे मिटून लावीन."

नळाला पाणी आलं म्हणून मी हंडा घेऊन गेले. परत येऊन बघते तर चकती पालथी, आणि तिच्या पाठीवर ओला काळा रंग. लाल डब्याचं झाकण उघडलेलंसुद्धा नव्हतं. पुसायला जावं तर खालचा घोडाही निघाला असता. हळूच कडेला धरून सुलटी केली. घोडा गेला होता. सगळं काळंकुट्ट, आणि त्यात एवढासा पांढरा डोळा.

"कसा दिसतोय?" हे हसत होते. कित्येक महिन्यांनी हसत होते हो!

"पळतोय," मी म्हटलं.

"बघ! आण इकडे."

द्यायची नव्हती मला. त्यांनी हात पुढेच धरला, म्हणून दिली. दारातल्या उजेडात गेले, चकती नाकाला लावली. मग चकती खाली ठेवली, ब्रश चाचपून गोळा केले आणि माझ्या ओच्यात टाकले.

"चूल पेटलीय ना गं?" म्हणाले.