भोक नसलेली कुंडी

कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या हॉटेलातला हमाम पर्यटकांसाठी उघडायचा होता आणि मी तिथला प्लंबर. हमाम म्हणजे तुर्की पद्धतीचं गरम न्हाणीघर. मधोमध तापवलेला संगमरवरी ओटा, भिंतीलगत चार संगमरवरी कुंड्या आणि त्यांवर पितळी नळ. तो चालवायला तुर्कस्तानातून एक म्हातारे उस्ताद आले होते. ते रजेवर असताना मी नळ तपासत होतो, तेव्हा दिसलं की एकाही कुंडीला पाणी जायला भोक नाही.

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे न्हाणीत पाणी तुंबलं की घरातल्या पुरुषाला चार शब्द ऐकावे लागतात. मला वाटलं, दगडवाला विसरला. वर्कऑर्डरवर ‘ड्रेन मिसिंग’ लिहिलं, कटर लावला आणि पहिल्या कुंडीच्या तळाला सुबक गोल भोक पाडलं. वर त्याचा फोटो घरी पाठवला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

उस्ताद परतले. भोकात बोट घालून बराच वेळ उकिडवे बसले. मग तोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्यांनी मला समजावलं. कुंडीत कोणी अंग धूत नाही, साबणाचा हातही बुडवत नाही. नळ चालू ठेवायचा, कुंडी काठोकाठ भरू द्यायची आणि वाडग्याने पाणी अंगावर घ्यायचं. वापरलेलं पाणी फरशीवरून मोरीत जातं, कुंडीतलं ताजंच राहतं.

“माझे आजोबा, वडील, मी,” ते म्हणाले. “कुणी भोक पाडलं नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजरला मात्र ते भोक आवडलं. “बाकीच्या तिन्हींनाही पाड. वर शॉवर लावू. पाहुणे वीस मिनिटांत मोकळे. टूरिस्टला कुठे काय कळतंय?”

उस्ताद म्हणाले, तसं झालं तर मी परत जातो, वॉशबेसिनची राखण करायला मी आलेलो नाही. म्हणजे माझ्या एका भोकापायी अख्खा हमाम जाणार होता. मला राग आला, मॅनेजरचा थोडा आणि माझा जास्त. ठरवलं, हे भोक मीच बुजवणार आणि दुसरं पाडणार नाही.

बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत माझ्या खोलीत रायगडचा एक फरशीवाला राहतो. तो म्हणाला, “भाई, सिमेंट भरशील तर डाग जन्मभर दिसंल. त्याच दगडाचा तुकडा पायजे.”

तुकडा मी कचऱ्यात टाकला होता. दुसऱ्या दिवशी उस्तादांना तसं सांगितलं, तर त्यांनी खिशातून ती गोल चकती काढून माझ्या हातावर ठेवली. त्यांनीच ती कचऱ्यातून उचलली होती.

कटरच्या पात्याएवढी फट राहणारच होती. संगमरवराची पूड एपॉक्सीच्या गोंदात कालवून ती भरली. पाणी झिरपलं. सगळं खरवडून काढलं, पुन्हा भरलं, दोन दिवस हात लावला नाही आणि मग बोटांची सालं निघेपर्यंत घासत बसलो.

मॅनेजर तीन भोकांची वर्कऑर्डर घेऊन आला. “यल्ला, लाग कामाला.”

मी नळ सोडला. कुंडी भरली, काठावरून पाणी सांडू लागलं. तळाखाली हात फिरवला, तर कोरडा. मग कागद घेतला, त्यावर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं आणि सही केली.

“चूक माझी होती, कुंडीची नव्हती,” मी म्हणालो. “भोकं पाडायची तर दुसरा प्लंबर बघा.”

“गळली तर तुझी नोकरी खलास.”

“चालेल.” घरची चूल त्या नोकरीवर होती. पण मी शब्द मागे घेतला नाही. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

हमाम उघडला, शॉवर न लावता. मी नळांवर नजर ठेवून होतो. पहिल्याच पाहुण्याने कुंडीत वाकून बघितलं आणि विचारलं, “पाणी जायला भोक कुठाय?”

उस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. “त्याला विचारा.”

“इथे आम्ही भोक पाडत नाही,” मी म्हणालो.