मूठभर उरलं कसं?

परवा रत्नागिरी स्टँडवर सायलीला, माझ्या मुलीला, पुण्याच्या गाडीत बसवून आले. घर आता फारच शांत झालंय... म्हणून लिहायला बसले.

ह्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय. मिरजोळ्याला कंपनीत होते. सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी फोनच आला.

गेल्या महिन्यात एकदा मी तांदूळ मोजून घेत होते, सायली ओट्याला टेकून उभी होती. बीएस्सी झाली, पुण्याला एमएस्सीला नंबर लागला, पण ती त्याबद्दल बोलतच नव्हती. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, एवढं फिजिक्स फिजिक्स करतेस, तिथे जाऊन शिकणार तरी काय?

तर म्हणाली, विश्व सुरू झालं तेव्हा द्रव्य होतं आणि जवळजवळ तितकंच, त्याच्या उलट असं प्रतिद्रव्य होतं. दोघांची गाठ पडली की दोघंही संपतात, मागे फक्त प्रकाश राहतो. तसं सगळंच संपायचं... पण अब्जभर जोड्यांमागे द्रव्याचा एखादा कण जास्त निघाला. चंद्र, सूर्य, समुद्र, आपण, सगळे त्या उरलेल्यातले. तो जास्तीचा आला कुठून, हे अजून कोणालाच नीट माहीत नाही.

मी दहावी झालेली बाई, पण घरखर्च रोज लिहिते. दोन्ही बाजू सारख्या असल्या तर खाली काही उरत नाही, एवढं मला कळतं. म्हटलं, मग हिशेब कुठेतरी चुकलाय.

"चुकलाय म्हणून तर आपण आहोत," ती म्हणाली.

आमच्याकडे एक रीत आहे. मोजलेल्या तांदळातले मूठभर परत डब्यात टाकायचे, डबा कधी रिता होऊ नये म्हणून. ती मूठ टाकताना मी म्हटलं, देवानेच अशी मूठ मागे ठेवली असणार. तिने वाद घातला नाही. म्हणाली, ती मूठ राहिली कशी, तेच शोधायला जायचं होतं. पण आता नाही जाणार. उद्या ॲडमिशनची मुदत संपतेय, संपू दे.

मी समजावलं, रागावले, बाबांना काय वाटेल म्हटलं. तिने नुसतं पातेल्याकडे बोट दाखवलं.

"आई, तू अजून तिघांचा भात लावतेस. बाबांचा रोज गाईला जातो. तुला एकटीला कशी टाकून जाऊ?"

दाणा वाया न घालवणारी मी... भात उरतोय हे रोज दिसत होतं. का उरतोय, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवाला हात जोडले आणि दोनच वाट्या तांदूळ घेतले. तिसरी वाटी भरून परत डब्यात ओतली, तेव्हा ह्यांना मीच घराबाहेर काढतेय असं वाटलं. सायलीने पातेल्यात बघितलं, जेवली, आणि हात धुऊन आली ती थेट फॉर्म भरायला बसली.

परवा गाडी सुटायच्या आधी खिडकीतून मी तिला एवढंच विचारलं. गो बाय, जे संपलं त्याचा तो प्रकाश... तो तरी गेला कुठे?

"कुठेच नाही गेला. अजून सगळीकडे आहे. फक्त इतका गार आणि मंद झालाय, की डोळ्यांना दिसत नाही."

आज एकच वाटी तांदूळ घेतले. त्यातले मूठभर परत टाकले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि दाराशी येऊन बसले... ह्यांची यायची वेळ होती.

दिसलं तर काहीच नाही. पण ती शिकलेली आहे, ती म्हणते म्हणजे असेल.