भाडेकरूंचं काय?

उत्तरेकडच्या एका छावणीच्या शहरात, सदर बाजारात, कमलिनी लघाट्यांचं लोकरीचं दुकान होतं. पाटीवर ‘जाई ऊन भंडार’ असं हिंदीत लिहिलेलं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, पण पुण्याचे पाहुणे ते वाचून ‘उन्हाचं भांडार का हो?’ म्हणून हसायचे. कमलिनीबाईही हसायच्या. नवरा वामन रेल्वेच्या वर्कशॉपात असताना बाई घरी स्वेटर विणून विकत. गिऱ्हाईक वाढलं तसा त्यांनी सरावगींचा गाळा भाड्यानं घेतला. छावणीतल्या फौजींच्या बायका, नगरा वस्तीतल्या रेल्वेवाल्यांच्या सुना, सगळ्या तिथे यायच्या. कुणाचं काही चुकलं, की बाकावर बसूनच वीण उसवायची आणि बाईंकडून पुन्हा शिकून घ्यायची.

वामनराव अचानक गेले, तेव्हा सगळ्यांच्या आधी धावून आले ते घरमालक सरावगी. लाकडं सांगण्यापासून खांदा देण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. बाई त्यांना भाईसाहब म्हणत, ते बाईंना भाभीजी.

लोकरीचा धंदा हिवाळ्याचा. तयार स्वेटर मोबाइलवरून घरपोच यायला लागले तसा तो ओसरत गेला होताच. त्यात नाल्याच्या कामासाठी ऐन दिवाळीच्या तोंडावर बाजाराचा रस्ता खणला. फळ्या टाकून दुकानात जावं लागे. स्कूटरवरच्या बाया लांबूनच वळायच्या. तो अख्खा हिवाळा गेला, पुढचाही अर्धा गेला. बाई रोज कुलूप उघडत, लोकरीच्या लडींवरची धूळ झटकत आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी येत.

मग बातमी आली, की रस्त्यामुळे ज्यांचा धंदा बसला त्यांना सरकार हात देणार, दोन वर्षांचा हाउस टॅक्स, म्हणजे घरपट्टी, माफ. बाजारात लाडू वाटले गेले. धर्मशाळेत शिबिर लागलं, तिथे बाई रांगेत उभ्या राहिल्या. टेबलामागच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, “मकान किसके नाम है?”

“सरावगीजींच्या. दुकान माझं आहे.”

“तो माफ़ी भी उन्हीं की होगी, माताजी. आप तो किराएदार हैं.”

बाई बाजूला झाल्या. टॅक्स वाढला की सरावगी तेवढंच भाडं वाढवत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. कागदावर नाव त्यांचं असलं तरी इतकी वर्षं कर भरत होते ते भाडेकरूच.

त्या तशाच सरावगींकडे गेल्या. त्यांनी पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भाभीजी, मेरी भी दो दुकानें खाली पड़ी हैं. यह माफ़ी न मिलती तो मैं भी डूब जाता.”

ते खोटं बोलत नव्हते. बाई पाणी पिऊन परत निघाल्या.

आठवड्याभरानं बाजार समितीचे मधुसूदन साहू आले. करमाफी देणाऱ्या मोठ्या साहेबांच्या सत्काराचा कार्यक्रम होता. “कमलिनीजी, बाजारातली सगळ्यात जुनी महिला दुकानदार तुम्ही. आभाराचे दो शब्द तुम्हीच बोला.”

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या लेकीला, अनुयाला, त्यांनी फोनवर सांगितलं, की सत्कारातच भाडेकरूंचा प्रश्न विचारायचं मनात आहे. लेक घाबरली. “आई, तू मत बोल ना असं काही. सरावगी अंकलला वाईट लागेल. बाबांच्या टाइमला किती केलं त्यांनी.”

“केलं ना. ते मी विसरेन का? पण मी नाही बोलले तर कोण बोलेल गं?”

कार्यक्रमाच्या दिवशी सरावगी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी बाईंना हात जोडले. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी साहेबांचे आभार मानले. ते मनापासूनचे होते. मग हिंदीत म्हणाल्या, “साहेब, या बाजारात दुकान मांडून बसलेले निम्म्याहून जास्त लोक भाडेकरू आहेत. धूळ आम्ही खाल्ली, गिऱ्हाईक आमचं गेलं. घरमालकांचा दोष नाही, तेही अडचणीत आहेत. पण नियम करताना भाडेकरूंचं काय, हे कुणी विचारलंच नाही. ते आज मी विचारते.”

मग मागून, बांगड्यांच्या दुकानातल्या रश्मीनं टाळी वाजवली आणि टाळ्या पुढे पुढे येत गेल्या. सरावगी मात्र खाली बघत होते.

त्या दिवसापासून त्यांचं दुकानापुढून जाणं बंद झालं. बाईंना ते फार लागलं. तरी रश्मीला आणि इतर भाडेकरूंना घेऊन त्या कचेरीच्या चकरा मारत राहिल्या. तिथे कुणी उद्या या म्हणे, कुणी वरून आदेश आला नाही म्हणे. तेवढ्यात तिसरा हिवाळा आला. रस्ता गुळगुळीत झाला होता, पण गेलेल्या बायका परतल्या नाहीत. संक्रांत झाल्यावर बाईंनी दुकान सोडायचं ठरवलं.

उरलेली लोकर गाठोड्यात बांधत असताना दारात सरावगी उभे दिसले. आत येऊन ते बाकावर टेकले.

“उस दिन आपने मेरा नाम नहीं लिया, भाभीजी.”

“नाव घेण्यासारखं तुम्ही काही केलंच नव्हतं, भाईसाहब. माझं भांडण नियमाशी होतं.”

“हम बीच का कोई रास्ता निकाल सकते थे,” ते पुटपुटले. “मैंने सोचा ही नहीं.” त्यांनी डोळे पुसले. मग उठून गाठोड्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते बाहेरच्या ऑटोत चढवलं.

पावसाळ्याच्या आसपास आदेश निघाला, की माफ झालेल्या करातला अर्धा वाटा मालकानं भाड्यातून वजा करायचा. फक्त चालू दुकानांसाठी. रश्मी भर दुपारी पेढे घेऊन बाईंच्या घरी धावत आली आणि दारातच रडायला लागली. “आंटी, हे तुमच्यामुळे झालं, आणि तुम्हालाच काही नाही.”

बाईंना कुठेतरी आनंदही झाला होता, पण तो लगेच वर येईना. त्यांनी रश्मीला आत घेतलं, पेढा देवापुढे ठेवला.

“दुकान उघडं ठेव,” त्या म्हणाल्या. “आज इतक्या लवकर बंद करून आलीस कशाला?”